आई आली की विकेट पडते

आमच्या घरात क्रिकेटचे नियम दोन. पहिला, मॅच रंगात आली की कोणी जागा सोडायची नाही. दुसरा, आपली बॅटिंग असली की आईने हॉलमध्ये यायचं नाही. पहिला नियम अर्ध्या मुंबईत पाळतात, त्यात आमचं काही विशेष नाही. दुसरा मात्र खास आमचा. तो मी केलेला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी दया वगैरे यायला नको.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, दादा चौदाचा. आपली टीम परदेशात वन-डे खेळायला गेली होती, पाठलाग चालला होता, आणि आई गरम भजी घेऊन बाहेर आली. विकेट पडली. तिने ताटली ठेवून "काय झालं रे?" विचारलं, तेवढ्यात दुसरी पडली. ती चटणी आणायला आत गेली, चटणी घेऊन बाहेर आली आणि तिसरी पडली. मी वैतागून म्हटलं, "आई, तू आत जा बघू. तू आलीस की विकेट पडते." आई हसली. "बरं बाई, जाते," म्हणाली आणि गेली. त्यानंतर एक विकेट पडली असेल तर शपथ. आपण जिंकलो. बाबा खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "आता ह्या असाच ठेवूचा." मग ते तसंच ठेवलं गेलं, सत्तावीस वर्षं.

यात कोणाला काही गैर वाटलं नाही, आईलाही नाही, असं आम्ही धरून चाललो. आमचे ओपनर मैदानात उतरायला लागले की ती आपणहून उठायची, गाऊनवरची ओढणी सारखी करायची आणि "चला, माझी ड्युटी लागली," म्हणत आत जायची. मुलगी असून मला हॉलमध्ये जागा होती याचा मला केवढा माज होता. माझी जागा जमिनीवर, मांडी घालून. बाबा दाराजवळच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. दादा सोफ्याच्या हाताला टेकून. पायाला मुंग्या येऊन पाय मेला तरी हलायचं नाही. आणि आई आत.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. आजोबांचा जन्म गिरणीत गेला, बाबांचा एका औषध कंपनीच्या गोदामात, आणि त्या दोघांच्या घामातून हे वन बीएचके झालं. टीव्ही ज्या भिंतीवर आहे, तिच्या मागेच स्वयंपाकघर. दार भिंतीच्या टोकाला. त्यामुळे ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला टीव्हीचा आवाज सगळा ऐकू येतो आणि टीव्ही मात्र तसूभरही दिसत नाही. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये दर दोन ओव्हरनी एकच प्रश्न ऐकू यायचा, "किती झाले?" आम्ही आकडा ओरडायचो. पुन्हा दोन ओव्हरनी, "किती झाले?" दादा म्हणायचा, आपल्याकडे स्कोअरबोर्डच उलटा आहे, तो विचारतो आणि आपण सांगायचं.

क्रिकेट आईला कळत नाही हेही आमच्या घरात ठरलेलं होतं. पुरावा भक्कम होता. दादाचा एक लाडका ओपनर होता, चांगला उजव्या हाताने खेळणारा, त्याला आई "तो डावरा" म्हणायची. "तो डावरा आज काय सुंदर खेळला रे." दादा कपाळाला हात लावायचा. एकदा त्याने तिची परीक्षाच घेतली. आपल्या एकेका बॅट्समनचं नाव घ्यायचं आणि आईने हात सांगायचा. तिने झाडून सगळे चुकीचे सांगितले. उजवे ते डावे, डावे ते उजवे. आम्ही हसून हसून सोफ्यावर लोळलो. बाबा म्हणाले, "अगो, अंदाजपंचे सांगितलं असतंस तरी निम्मे बरोबर आले असते." आईसुद्धा हसली. पण बाबांचं ते वाक्य किती शहाणपणाचं होतं हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. बाबांच्याही नाही.

मग दादा गेला. न्यूझीलंडला. इथे त्याची नोकरी काही वाईट नव्हती, पण त्याच्या मनाने घेतलं होतं. जाताना आईने शेजारच्या काकूंकडून शिकून त्याला लोकरीची टोपी विणून दिली, मोरपंखी रंगाची. मुंबईत राहणाऱ्या बाईने विणलेली पहिली टोपी, तिचा एक कान दुसऱ्यापेक्षा लांब झाला. दादा ती एअरपोर्टवर घालून उभा राहिला, भर मे महिन्यात, घामाने निथळत. आई म्हणाली, "काढ रे, लोक बघतात." त्याने काढली नाही. तसाच आत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. त्याला सहा वर्षं झाली.

सहा वर्षांत तो एकदाही आला नाही. आधी सगळं जगच बंद झालं होतं. मग नोकरी बदलली. मग तिथे कायम राहायची फाइल टाकली, आणि ती फाइल हलेपर्यंत देश सोडणं धोक्याचं, असं त्याला वकिलाने सांगितलं. फाइल हलत नाही. बाबांच्या छातीत दोन स्टेंट आहेत, डॉक्टर विमानाला नको म्हणतात, आणि बाबांना सोडून आई ठाण्यापलीकडे जात नाही. थोडक्यात, वाट लागली आहे, पण घरात कोणी तसं म्हणत नाही. घरात म्हणतात, "येईल, येईल."

लोक म्हणतात, आता काय, व्हिडिओ कॉल असतो. असतो ना. रोज असतो. आई रोज मोबाइल चेहऱ्याजवळ धरते आणि त्यात दादाचं तोंड येतं, हनुवटीपासून कपाळापर्यंत. मागे एक पांढरी भिंत. ती म्हणते, "जरा उभा राहून दाखव रे. पूर्ण दिसू दे." तो हसतो आणि मोबाइल फिरवून घर दाखवतो, खिडकी, सिंक, फ्रिज. आई म्हणते, "मला तुझा फ्रिज नकोय. तू चालून दाखव." "आई, काय गं, लहान आहे का मी, चालून दाखवायला." विषय तिथे संपतो. फोन ठेवल्यावर ती मला सांगते, "नुसतं तोंड बघून काय कळतं? माणूस बारीक झालाय की नाही ते तो चालताना कळतं." मी म्हणते, "तो बरा आहे गं." मला तरी कुठे माहीत होतं? मीही सहा वर्षं त्याचं तोंडच बघत होते.

तर गेल्या मोसमात आपल्या टीमचा न्यूझीलंड दौरा जाहीर झाला. तीन वन-डे. त्यातली दुसरी दादाच्याच गावात, त्याच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. दादाने तिकीट काढलं आणि फॅमिली ग्रुपवर मैदानाचा फोटो टाकून एका जागी लाल गोल काढला. तिकडे सगळीकडे खुर्च्या नसतात म्हणे, गवताचा उतार असतो, चादर टाकून बसायचं. खाली लिहिलं, "मी इथे असणार. टोपी घालून. आईला सांग, टीव्हीत शोध."

आईने तो फोटो मला तीनदा मोठा करायला लावला. मग विचारलं, "टीव्हीत पूर्ण दिसेल ना? पायापर्यंत?"

"दिसला तर पूर्णच दिसेल. पण हजारो माणसं असतात गं, कॅमेरा त्याच्यावरच येईल असं नाही."

"येईल," आई म्हणाली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. खालच्या वाण्यालासुद्धा माहीत झालं की यांचा मुलगा टीव्हीत येणार आहे. आईने मॅचच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये लाल पेनाने खूण केली, गॅस नोंदवल्याची करते तशीच. आणि दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शोकेसच्या काचा पुसायला काढल्या.

ही शोकेस म्हणजे आमच्या हॉलमधलं, माझ्या लहानपणापासूनचं धूड. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला, सोफ्याला लागून उभी. काचेची दारं, आत दादाचे गल्ली क्रिकेटचे कप आणि कधीही न वापरलेला चहाचा सेट. दोन वर्षांपूर्वी मी ती काढून टाकायला निघाले होते. माणूसही बोलावला होता. आई कधी नव्हे ती चिडली. "हात लावायचा नाही त्या काचेला." मी म्हटलं, "अगं कोण ठेवतं आता असल्या शोकेस?" "मी ठेवते," म्हणाली. मला वाटलं, दादाच्या कपांसाठी. प्रत्येक मोठ्या मॅचच्या आधी ती त्या काचा ओल्या वर्तमानपत्राने लख्ख पुसते, तेही मला कपांसाठीच वाटायचं. मी मनात म्हणायचे, गेलेल्या मुलाचे कप पुसते आणि इथे आहे तिच्या चहाचा कप विसळत नाही. हो, मला दादाचा हेवा वाटायचा. जो लांब असतो त्याचं सगळं चांगलं असतं. मी भांडुपला, दोन स्टेशनांवर, मला रोज बघायला मिळतं म्हणून माझं चालणं कोणी बघत नाही.

पहिली मॅच दुसऱ्या गावात होती. मी रजा टाकून पहाटेच माहेरी आले, कारण मॅच बघायची माझी जागा तिथेच आहे, नवऱ्याच्या घरी मी मॅच बघितली की आपण हरतो. त्यांच्याकडे दुपारचे दोन, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. आपली बॅटिंग पहिली. आई उठून आत निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, आता हे पुरे झालं. परवा दादा दिसणार, ऐन वेळी तू आत असलीस तर काय उपयोग, आजपासून सवय कर. मीच केलेला नियम मीच मोडते. बाबांनी खुर्चीत पाय वर घेतले. आई सोफ्याच्या अगदी कडेला बसली, बसमध्ये पुढच्या स्टॉपला उतरणारं माणूस बसतं तशी.

चौथ्या ओव्हरला पहिली गेली. मी म्हटलं, "चालतं, चालतं." सहाव्या ओव्हरला दुसरी गेली. मी फक्त तिच्याकडे बघितलं. देवाशप्पथ, नुसतं बघितलं, त्यात राग नव्हता. निदान मला वाटलं नव्हता. आई उठली, ओढणी सारखी केली आणि आत गेली. मी "आई, अगं," म्हटलं, पण तेही बसल्या जागेवरूनच. आपण ती मॅच हरलो. बाबा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत आणि आईने रात्रीच्या जेवणाला त्यांच्या आवडीची सोलकढी केली, जणू तिच्याकडूनच काही सांडलं होतं.

दुसऱ्या मॅचच्या दिवशी ती पाचला उठली. मी आले तेव्हा घावणे तयार होते, नारळाचं दूध तयार होतं, काचा पुन्हा एकदा पुसून झाल्या होत्या. दादाचा ग्रुपवर फोटो आला, टोपी घातलेला, पुन्हा नुसतं तोंड. आईने टोपीचा लांब कान बघितला आणि म्हणाली, "धुतल्यावर अजून लांब झालाय."

समोरच्यांनी टॉस जिंकून बॅटिंग घेतली. म्हणजे पहिल्या पन्नास ओव्हर आपली बोलिंग, नियमाप्रमाणे आई हॉलमध्ये बसायला मोकळी. ती चष्मा लावून टीव्हीच्या इतक्या जवळ बसली की बाबांना मान वाकडी करून बघावं लागलं. तिचं खेळाकडे लक्षच नव्हतं. चेंडू पडून परत बोलरकडे जाईपर्यंत कॅमेरा लोकांवरून फिरतो ना, तेवढाच वेळ ती जिवंत व्हायची. किती माणसं दाखवली त्या दिवशी. दुपट्यातलं बाळ दाखवलं, झोपलेला म्हातारा दाखवला, मैदानात उतरलेले पांढरे पक्षी दाखवले, ढोल वाजवणारे आपले पंजाबी दाखवले. मोरपंखी टोपी नाही. दर वेळी आई बोट उचलायची आणि पुन्हा मांडीवर ठेवायची. तीन तास. मला रडायला येत होतं आणि राग येत होता, त्या कॅमेरावाल्याचा. पक्षी कसले दाखवतोस रे बाबा.

त्यांची बॅटिंग संपली. मोठा स्कोअर झाला होता. मधल्या सुट्टीत आम्ही घावणे खाल्ले, आणि आपले ओपनर उतरायला लागले तशी आई उठली.

"बस," मी म्हटलं. "आज मी तुला जाऊ देणार नाही. तीन तासांत दिसला नाही, आता दिसेल."

बाबांनीसुद्धा पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बस गो. खेळ काय, आज आसा, उद्या नाय."

आई दाराशी थांबली. म्हणाली, "तुमच्यासाठी नाही जात मी. तो तिथे एकटा गेलाय ना मॅच बघायला. हरले तर एवढ्या लोकांतून तोंड पाडून एकटाच घरी जाणार. घरी तरी कोण आहे त्याच्या?"

ती आत गेली. ओट्याच्या टोकाला, दाराजवळ, तिने भाजी चिरायला घेतली. ती कायम तिथेच उभी राहते. तिथे उजेड पोचत नाही म्हणून बाबांनी मागे वेगळी ट्यूब लावून दिली होती, ती मॅचच्या वेळी बंदच असते.

पाठलाग चांगला चालला, मग अडकला, मग पुन्हा चालला. "किती झाले?" "दीडशे." "किती झाले?" "एकशे ऐंशीला पाच." मी मांडी घालून, बाबा पाय वर घेऊन. दादाची सोफ्याच्या हाताजवळची जागा रिकामी, तिथे आम्ही उशी ठेवतो. शेवटच्या चार ओव्हर राहिल्या तेव्हा छत्तीस हवे होते आणि तीन विकेट हातात होत्या. बाबांचा चेहरा बघून मला त्यांच्या स्टेंटची काळजी वाटायला लागली.

आणि सिक्स बसली. उंच, अगदी निवांत गेलेली. चेंडू गवताच्या उतारावर पडला, उसळला, लोक त्याच्यावर धावले, आणि त्या सगळ्यांना मागे टाकून वरून एक माणूस धावत खाली आला. मोरपंखी टोपी. गवतावर पाय घसरून बसकण मारली त्याने, तसाच उठला, चेंडू उचलला, एक पाऊल मागे घेतलं आणि जोरात मैदानात फेकला. डोक्यापासून बुटापर्यंत दिसला. दादा. बारीक झाला होता. चालणं कुठे, धावताना दिसला, आणि धावणं अगदी तेच, कोपर बाहेर काढून, कॉलनीच्या गल्लीत धावायचा तसं.

"आई!" मी ओरडले. "आई, दादा! ये लवकर!"

आणि मी हलले नाही.

हे मला लिहायचंच होतं. स्वयंपाकघराचं दार माझ्यापासून चार पावलांवर आहे. उठून तिचा हात धरून ओढत आणायला दोन सेकंद लागले असते, आणि दादा स्क्रीनवर तेवढा वेळ नक्की होता. पण तीस रन बाकी होते आणि माझी मांडी मोडली असती. माझ्या डोक्यात हा हिशेब झाला, मला तो होताना कळला, आणि मी बसून राहिले. बाबाही पाय वर घेऊन बसून राहिले. आतून पळी खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. टीव्हीवर बोलर पुन्हा धावायला लागला होता.

आपण जिंकलो, पाच चेंडू राखून. बाबांनी पाय खाली घेतले आणि टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, भिंतीला धरून आत गेले. आई पाठमोरी उभी होती.

"आई, दिसला होता गं. तू का नाही आलीस?" मी असं विचारलं. म्हणजे चूक तिच्यावरच टाकली, बघा. मग स्वतःचीच लाज वाटली आणि म्हटलं, "थांब, हायलाइट्स आले असतील, दाखवते." मोबाइलवर हायलाइट्स आले होते. ती सिक्सही होती. चेंडू उंच गेला, गवतावर पडला, आणि तिथेच कापलं होतं. पुढचं दृश्य, पुढचा चेंडू. चेंडू उचलणाऱ्या माणसाचं जगाला काय पडलंय? मी मागे नेलं, पुढे नेलं, पुन्हा मागे नेलं. चेंडू पडायचा आणि दादाच्या जागी बोलर यायचा. मला रडू फुटलं.

"राहू दे गं," आई म्हणाली. ओढणीने माझं नाक पुसलं, मी सदतीस वर्षांची असून. मग म्हणाली, "एक विचारू? त्याच्या उजव्या हाताला काही झालंय का? तुम्ही दोघं माझ्यापासून लपवता का काही?"

"काय लपवणार? का?"

"बॉल डाव्या हाताने फेकला त्याने."

"उजव्याने फेकला. मी बघितलं ना. पण तुला कसं..."

आई भाजीचं ताट घेऊन बाजूला झाली, आणि मी तिच्या जागेवर, ओट्याच्या टोकाला उभी राहिले. दारातून समोर शोकेस दिसत होती. आणि शोकेसच्या लख्ख पुसलेल्या काचेत, दादाचे कप आणि चहाच्या किटलीच्या मधोमध, टीव्ही दिसत होता. पूर्ण. आपला कॅप्टन बोलत होता, त्याच्या शर्टावरची अक्षरं उलटी. खालच्या पट्टीतला स्कोअर उलटा, वाचता येणार नाही असा.

किती झाले. तो डावरा. झाडून सगळे चुकीचे. ती बंद ट्यूब, त्या काचा, "हात लावायचा नाही त्या काचेला." सगळं एकदम येऊन अंगावर पडलं. सत्तावीस वर्षं ही बाई प्रत्येक मॅच बघत आली होती, आमच्या पाठीमागच्या काचेत, आणि आम्ही त्या काचेकडे पाठ करून बसलो होतो म्हणून आम्हाला कधी कळलं नाही.

"म्हणजे उजव्यानेच फेकला," आई स्वतःशीच म्हणाली. "अगं हो. काचेत उलटं दिसतं. आकडे उलटे दिसायचे, पण माणसंही उलटी, हे आज कळलं."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काच झाकली असती."

झाकली असती. मीच झाकली असती, चादर टाकून.

"मग आपल्या विकेट?" मी कसंबसं हसत विचारलं. "तू तर बघतच होतीस."

"समोरून बघितलं तर दोष," आई म्हणाली, अगदी मनापासून. "ग्रहण कसं परातीतल्या पाण्यात बघतो, तसं. त्याने काही होत नाही."

अडीचच्या सुमारास दादाचा फोन आला. तिकडे त्याची रात्र झाली होती, गाडीत बसूनच लावला होता, पुन्हा नुसतं तोंड आणि टोपी. घसा बसला होता. म्हणाला, "बघितलंत की नाही? अरे, तो बॉल माझ्याकडे आलाच नव्हता. चांगला वीस माणसं सोडून पलीकडे पडला होता. पण कॅमेरा बॉलच्या मागे येतो ना. म्हटलं, आज धावलो नाही तर आईला दिसणार कधी? एकाला ढकललं चक्क. घसरलो, पॅन्ट फाटली." तो हसत होता. मग हसायचा थांबला. "आई आत असेल ना. आपली बॅटिंग होती. आईने नसेलच बघितलं."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला. जवळ नाही धरला, हात लांब करून धरला.

"बारीक झालास," ती म्हणाली. "आणि पडलास तेव्हा गुडघ्याला लागलं का?"

दादाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.

"आई, खरंच दिसलो तुला?" त्याने विचारलं.

"दिसलास रे," आई म्हणाली. "उलटा का होईना, दिसलास."